निखाऱ्यांपलीकडे

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाक येथे भाड्याने घेतलेल्या बंगल्याच्या अंगणात आम्हां चौघांसाठी एक खासगी आचारी निखारे फुलवीत होता. शेवंड मधोमध चिरून, लसूण आणि लोणी लावून त्याने जाळीवर ठेवली. सोबतीला ऊरीत, म्हणजे तिथला ऑक्टोपस. इतके चविष्ट मी क्वचितच खाल्ले असेल. पैसे मोजून घेतलेल्या सुखात एक निर्धास्तपणा असतो. वाढणारा कोण, हे विचारावे लागत नाही.

विचारले त्यानेच. आमचे बोलणे ऐकून तो मोडक्या मराठीत म्हणाला, "तुम्ही रत्नागिरीचे?" त्याचे पूर्वज तिकडचे. १८३४ नंतर करारावर उसाच्या मळ्यांत आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते. त्याची बोली आता क्रिओल. मराठी उरली होती ती गणपतीच्या आरतीपुरती. गणेशचतुर्थीला येथे सार्वजनिक सुट्टी असते, हे त्याने अभिमानाने सांगितले.

'आपलाच माणूस' असे आम्ही सगळेच एका सुरात म्हणालो. पत्नीने खुर्ची पुढे केली. तो हसला, "नंतर" म्हणाला आणि निखारे सारखे करू लागला. आम्हीही फारसा आग्रह केला नाही. सात पिढ्यांपूर्वीचे नाते आम्हाला हवे होते, पण जेवण थंड होऊ द्यायचे नव्हते.

पुढच्या घासाची चव जराही बदलली नव्हती. ते अजून टोचते.