कोणाच्या खात्यावर?

अहिल्यानगरच्या आडते बाजारातील एका व्यापाऱ्याच्या धाकट्या चिरंजीवांनी आठ वर्षे वापरलेली परदेशी बनावटीची एसयूव्ही पुण्याहून आणली. नव्या गाडीच्या मानाने सौदा पाण्याच्या भावात झाला, असे घरात सर्वांनाच वाटले.

हिवाळ्यातल्या एका सकाळी गाडी दारात एका अंगाने खाली बसलेली आढळली. तिचा भार पोलादी स्प्रिंगांवर नव्हे, तर हवेने भरलेल्या रबरी पिशव्यांवर होता. रबर वयाने चिरते, हवा झिरपते. ती भरून काढताना कॉम्प्रेसर वारंवार चालतो आणि अखेर जळतो. पिशवी वेळीच बदलली असती तर निदान तो तरी वाचला असता. त्यातच घर ते दुकान एवढ्याच फेऱ्यांमुळे डिझेलची काजळी अडवणारी जाळी तुंबली होती. ती काजळी जळून जाण्यास महामार्गावरची सलग धाव लागते. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून पुण्यास न्यावी लागली. गाडी जुनी झाली म्हणून सुट्या भागांचे भाव थोडेच उतरतात!

पोत्याच्या तळातले दाणे तळहातावर घेतल्यावाचून वडिलांनी कधी भाव बोलला नव्हता. चिरंजीवांनी मात्र रंग आणि किलोमीटर पाहिले होते. दुरुस्तीचे अंदाजपत्रक वडिलांनी शांतपणे वाचले व रोजमेळ उघडला.

“कोणाच्या खात्यावर टाकू? दुकानाच्या की घराच्या?”

चिरंजीव क्षणभर थांबले.

“माझ्या.”