देवीचे अठरा हात

परवा शनिवारी पिंपळगावला मामांकडे गेलो होतो. चहाचा कप हातात येतो न येतो तोच मामा म्हणाले, "तूच सांग बाबा हिला, कम्प्युटरला घे म्हणून. चित्रं काढून पोट भरतं का?" मामेबहीण यंदा बारावी सायन्सला. आणि मी पुण्यात आयटीत, म्हणजे घरातला अधिकृत सल्लागार!

सांगणारच होतो. पण आधी तिची वही मागितली.

पहिल्याच पानावर वणीची सप्तशृंगी, मान जराशी कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगतात आणि देवी कान देऊन ऐकते, ही गोष्ट आजीनं आम्हा दोघांनाही सांगितलेली. हिच्या चित्रात मात्र मार्कंडेयाच्या जागी टोमॅटोच्या क्रेटवर बसलेली आजीच! पुढे बोहाड्यातले मुखवटे. (बोहाडा म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यात रात्र रात्र चालणारा सोंगांचा उत्सव.) ते मुखवटे घालून राक्षस थेट द्राक्षबागेत शिरलेले.

"दादा, देवीच्या अठरा हातांत काय काय असतं?"

मी चार-पाचावर अडकलो. तिनं सगळी आयुधं धडाधड सांगितली.

मग चित्रकथीवर आली. हे लोक एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत गाऊन सांगायचे. पैठण शैलीतली तशी जुनी चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. सहा वर्षं पुण्यात राहून मी तिथे गेलेलो नाही. हिला ती मोबाइलवर पाहून पाठ. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं ही कला जपली, तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, हेही तिनंच सांगितलं.

"एकाला मिळाली. बाकीच्यांचं काय?" मामा म्हणाले.

प्रश्न खोटा नाही. पिंगुळीच्या चित्रकथ्यांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. तो गेला, मग सिनेमा आणि टीव्ही आला, आणि कितीतरी घरांत चित्रांच्या पोथ्या बांधून ठेवल्या गेल्या. चित्रं वाईट नव्हती, बघणारे उठून गेले.

म्हटलं, "मामा, दोन्ही सीईटी देऊ दे. बीएफएची फी मी बघतो."

"आणि नाही जमलं तर?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. असो. पुढच्या शनिवारी ती पुण्याला येतेय, केळकर संग्रहालय बघायला. माझंही त्या निमित्तानं बघून होईल.