चार बोटं वाढीव

जून महिन्याचा माझ्या कानातला पहिला आवाज पावसाचा नाही. तो दोरा तुटण्याचा आहे. वाईच्या आमच्या जुन्या घरात, ओसरीवरच्या उजेडात आई पाय पसरून बसायची, माझा गेल्या वर्षीचा निळा स्कर्ट मांडीवर पालथा टाकायची, आणि बाबांच्या दाढीच्या जुन्या पात्याचा अर्धा तुकडा चिमटीत धरून त्याच्या काठाची दुमड उसवायला घ्यायची. टक्, टक्, टक्. एकेक टाका सुटत जायचा, काठ मोकळा व्हायचा, आणि वर्षभर आत अंधारात राहिलेली चार बोटं रुंदीची पट्टी बाहेर पडायची. ती इतकी निळी असायची, इतकी कोरी, की उन्हानं, साबणानं, घाटावरच्या धुण्यानं विटून गेलेला बाकीचा स्कर्ट तिच्याशेजारी दुसऱ्याच कुणाचा वाटायचा.

मी वाढले आहे हे मला त्या पट्टीवरून कळायचं.

तिथंच, जुन्या दुमडीच्या जागी, एक बारीक पांढुरकी रेघ राहायची. आई ती पाणी मारून, इस्त्री दाबून घालवू पाहायची; ती जायची नाही. मग ‘राहू दे, कुणाचं लक्ष जातंय,’ असं म्हणून ती स्कर्ट झटकायची आणि खिडकीकडे बघायची. पाचगणीच्या बाजूनं आभाळ काळं होत आलेलं असायचं. मृग लागायला एखादा दिवस उरलेला. वाळवणं माळ्यावर गेलेली, कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून बरणीत मुरत पडलेल्या, आणि स्वयंपाकघरातून मोहरीच्या फेसाचा झणका ओसरीपर्यंत येऊन डोळ्यांत पाणी काढणारा. त्या पाण्यात थोडं सुट्टी संपल्याचंही पाणी असायचं, पण ते कुणाला सांगायची गरज पडत नसे. लोणच्याचं निमित्त पुरायचं.

मग पाऊस यायचा. अंगणातल्या ओल्या मातीवर लाल मखमलीचा एखादा मृगाचा किडा चालत यायचा आणि आम्ही त्याला हलक्या हातानं रिकाम्या काड्यापेटीत ठेवून शाळेचा पहिला दिवस मोजत बसायचो. नवी पुस्तकं फार थोडी असत. शेजारच्या ताईची पुस्तकं निम्म्या किमतीला आमच्याकडे यायची, तिच्या नावावर रबर फिरवलेली, तिच्या पेन्सिलीच्या खुणा समासात तशाच राहिलेली. कवितेतल्या एखाद्या शब्दावर तिनं केलेलं वर्तुळ मला वर्षभर सोबत करायचं. तिला हा शब्द अडला होता. मलाही अडायचा. कधी न बोललेल्या गोष्टीची अशी एक मैत्री पानापानांतून चालू राहायची, आणि पुढच्या जूनमध्ये ती पुस्तकं माझ्या खुणांसह आणखी कुणाच्या घरी जायची.

आता मी पुण्यात राहते, आणि जून आला की लेकीचा हात धरून अप्पा बळवंत चौकात जाते. शनिवारी संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते. छत्र्यांच्या टोकांतून पाणी ठिबकत असतं, दुकानाच्या फळीवर याद्या पसरलेल्या असतात, ‘दोनशे पानी, एकेरी, सहा’ अशा हाका आत जातात आणि आतून वह्यांचे गठ्ठे बाहेर येतात. त्या गठ्ठ्यांचा वास, नव्या कागदाचा, शाईचा, डिंकाचा, आणि त्यावर पसरलेला ओल्या रेनकोटचा. असा वास वर्षात दुसऱ्या कुठल्या महिन्याला नाही. मी डोळे मिटून तो घेत होते तेव्हा लेकीनं माझा हात सोडला होता. क्षणभर छातीत धस्स झालं. ती चार पावलांवर उभी होती, पेनांच्या काचेसमोर.

या वर्षी ती पाचवीत गेली. ज्यांच्या घरात मूल आहे त्यांना पाचवी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. प्राथमिकची बुटकी बाकं मागे राहतात, मोठ्या शाळेची उंच इमारत येते, दर तासाला वेगळे शिक्षक येतात, आणि पेन्सिल जाऊन हातात पेन येतं. पाचवीला बाबांनी मला शाईचं पेन आणून दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात माझी तीन बोटं निळी झाली, नखांच्या कडांत शाई मुरली, आणि आईनं लिंबाची फोड घेऊन ती कितीतरी वेळ चोळली. तिच्या ओल्या, लिंबाच्या वासाच्या हातात माझा हात होता एवढंच मला आज लख्ख आठवतं. काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

लेकीनं काचेवर बोट ठेवून एक पेन दाखवलं. शाई निळीच होती.

पुस्तकांना कव्हरं घालणं हे आमच्या घरी जेवणं झाल्यावरचं काम. जमिनीवर खाकी कागदाची गुंडाळी उलगडायची, ती पुन्हा मिटायला बघते म्हणून कोपऱ्यांवर वाट्या ठेवायच्या, मधोमध पुस्तक ठेवून चार बोटं कागद चहूकडे सोडायचा. पाठीच्या कण्याशी कात्रीनं दोन तिरके काप द्यायचे, घडी नखानं दाबायची. हे सगळं माझ्या बोटांना डोक्याआधी आठवतं. 1967 च्या जानेवारीत पुण्यात बालभारती सुरू झाली. माझी पुस्तकं तिथलीच होती आणि लेकीचीही तिथलीच आहेत. मध्ये तीस-पस्तीस वर्षं गेली, चित्रं बदलली, कागद गुळगुळीत झाला, पण मुखपृष्ठावरचं ते छोटं बोधचिन्ह, पुस्तकात डोकं घातलेली दोन मुलं, ती तशीच वाचत बसली आहेत. कव्हर घालताना दर वेळी ती खाकी कागदाखाली जातात, आणि दर वेळी मला त्यांच्या अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटतं.

लेक दुसरीत होती त्या वर्षी, 2023 साली, पुस्तकांतच वहीची कोरी पानं बांधून आली होती. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू. तिनं पहिल्याच कोऱ्या पानावर पाऊस काढला. पेन्सिलीच्या उभ्या रेघा, पानभर, इतक्या दाबून की मागच्या धड्यावर त्यांचे वळ उठले. पुढे दोन वर्षांनी तो निर्णय मागे घेतला गेला आणि कोरी पानं पुस्तकांतून निघून गेली. ते पाऊस पडलेलं पुस्तक मी रद्दीत घातलेलं नाही. कपाटात साड्यांच्या खाली आहे. कधी साडी काढताना हाताला लागलं तर त्या वळांवरून बोट फिरवते. धड्याचे शब्द आणि त्यांच्यावरून उतरलेला पाऊस.

या वेळी नावं लिहायची वेळ आली तेव्हा मी सवयीनं पट्ट्या समोर ओढल्या. आजवर तिचं नाव मी लिहीत आले. बालवाडीच्या डब्यावर, स्वेटरच्या आतल्या पट्टीवर, रंगपेटीच्या झाकणावर, प्रत्येक अक्षराची गोलाई सांभाळून. जणू ते नाव नीट लिहिलं गेलं तर दिवसभर तिच्याकडे कुणीतरी नीट बघेल, अशी एक वेडी खात्री माझ्या हाताला असायची.

“मी लिहिते,” ती म्हणाली.

नव्या पेनानं, जीभ दातांत धरून, तिनं आपलं नाव लिहिलं. तिच्या अक्षरांना अजून रेघेचा आधार लागतो. आडनावापर्यंत येता येता ती चढण चढायला लागली. मी गप्प बसून नुसती फुंकर घालत राहिले, शाई लवकर वाळावी म्हणून. अकरा पुस्तकं, चौदा वह्या. पंचवीस वेळा तिनं स्वतःला लिहिलं, आणि शेवटच्या पट्टीवर तिचं अक्षर पहिल्यापेक्षा मोठं झालं होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी आम्ही पहाटे साडेपाचला उठलो. 2024 मध्ये राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं, आणि त्यामुळे दोन वर्षं आमच्या घरात सकाळ हळूहळू उगवत होती. दुधाचा कप, कुशीतली पाच मिनिटं, खिडकीतला बुलबुल, सगळ्याला वेळ होता. पाचवीची घंटा सातला. बाहेर अंधार आणि बारीक पाऊस. तिचे मोजे आदल्या दिवशी धुतले ते वाळले नव्हते. मी ते इस्त्रीनं वाळवले, आणि गरम सुताची ती उब तिच्या पायांत चढवताना मला तिचा पाय पहिल्यांदा जड लागला. पायाला वजन आलं होतं. मुठीत मावणारी ती टाच कधी गेली, कुठल्या आठवड्यात, कुठल्या वारी, हे मी घरात असून मला दिसलं नाही.

डब्यात पोळी आणि साखरांबा. मे महिन्यातल्या कैऱ्यांचा, वेलदोड्याच्या वासाचा. शाळेच्या पहिल्या आठवड्यात माझी आई हाच डबा द्यायची. भाजीला वेळ नसतो हे खरं कारण, पण पोळीच्या सुरळीत सुट्टीचा एक पिवळा थेंब मुलाबरोबर वर्गात जातो, हेही खरंच आहे.

कोपऱ्यावर व्हॅनवाल्या काकांनी हॉर्न दिला. रेनकोटच्या टोपीत तिचा चेहरा एवढासा दिसत होता. ती चढली, दार सरकलं, काचेवरच्या वाफेत तिनं तळवा टेकवला. वळणावर लाल दिवा पेटला आणि विझला.

घरात परत आले तेव्हा सात वाजायला पंधरा मिनिटं होती. मुलांची शाळा सुरू झाल्यावर घराला येणारी ही शांतता मी मे महिन्यात कितीदा मागितली होती, दुपारच्या कल्ल्यात, पत्त्यांच्या भांडणात, ‘आई, आता काय करू’ या शंभराव्या प्रश्नाला उत्तर देताना. आता ती समोर येऊन बसली होती. टेबलावर अर्धा दुधाचा कप, त्यावर धरलेली साय. पेन्सिलींचा जुना डबा, आता कुणाला न लागणारा. त्यात बोटभर उरलेल्या पेन्सिली, दात लावून चावलेल्या, टोकदार. मी एक उचलून हुंगली. लाकूड, आणि किंचित मिठाचा वास. नवरा आतून म्हणाला, “चहा टाकू का?” मी ‘हो’ म्हणाले, आणि आम्ही दोघं बराच वेळ पावसाकडे बघत चहा प्यायलो. तोही काही बोलला नाही. त्याच्याही हातात तिची एक पेन्सिल होती.

दुपारी ती आली ती आवाजासकट आली. बूट एकीकडे, दप्तर दुसरीकडे, बोलणं सगळीकडे. मराठीच्या बाई किती उंच आहेत, प्रयोगशाळेच्या दारातून सांगाडा दिसतो, डबा खाताना शेजारच्या मुलीनं साखरांबा मागितला आणि उद्या ती लसणाची चटणी आणणार आहे. ऐकता ऐकता माझं लक्ष तिच्या स्कर्टकडे गेलं. दुकानदार म्हणाले होते, ‘ताई, एक माप मोठा घ्या, दोन वर्षं जाईल,’ आणि मी घेतला होता. तो पोटरीपर्यंत येत होता. तिनं कमरेला दोन वळ्या घालून तो वर खोचला होता. दिवसभर ती तशी हिंडली होती, एका हातानं दप्तर आणि दुसऱ्यानं कमर सांभाळत, आणि मला काही बोलली नव्हती. वळी सोडवली तेव्हा आतून गुलमोहराची एक पाकळी पडली. ओली, चुरगळलेली, तरी लालभडक.

संध्याकाळी आईला फोन लावला. तिला आता चौऱ्याहत्तर वर्षं झाली. वाईत पाऊस आहे का विचारलं तर ती आधी नात काय म्हणते ते विचारते. मी म्हटलं, स्कर्ट लांब झालाय, वर दुमडून घेते.

“किती?”

“चार बोटं.”

“हातानंच घाल. मशीनची टीप नको.” तिकडे थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. “आणि टाके लांब लांब घाल गं. उसवायला सोपे पडतात.”

मी थबकले. तिचे ते ओसरीवरचे टाके मला आठवले, बोटबोट अंतरावरचे, सैल. लहानपणी मला वाटायचं की आईला घाई असते. शेजारच्या काकूंची शिवण किती बारीक, आणि हिची अशी. एवढी सुबक स्वेटर विणणारी बाई स्कर्टच्या काठापाशी येऊन का आळसते, हे मला कळत नसे. ती प्रत्येक टाका घालतानाच पुढच्या जूनचा विचार करत होती. माझी उंची तिनं आधीच मोजून आत दुमडून ठेवली होती, आणि ती सहज सुटावी एवढी काळजी दोऱ्यात घेतली होती. वर्षानुवर्षं. मला न सांगता.

फोन ठेवून दिव्याखाली बसले. स्कर्ट पालथा केला, चार बोटं मोजली, टाचण्या लावल्या. बाहेर अंधारात पन्हळीतून पाणी पडत होतं. निळा दोरा काढला, टोक ओलं केलं, सुई उजेडासमोर धरली. नेढं दिसेना. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली आणला, सुई लांब धरली, जवळ आणली. दोऱ्याचं टोक नेढ्याच्या शेजारून जात राहिलं. ओसरीवर आईही अशीच सुई लांब धरायची आणि मग मला हाक मारायची, आणि मी खेळ सोडून धावत यायची, कारण घरात जिथं मोठ्यांचं काही चालत नाही तिथं माझं चालतं, असं ते एकच काम होतं.

मी हाक मारली नव्हती. लेक आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझ्या हातातून सुई घेतली, एक डोळा मिटला, आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. बोटाला निळी शाई लागलेली होती.

“गाठ मी मारू?” तिनं विचारलं.

“मार,” मी म्हटलं. “पण घट्ट नको.”