एवढे एकच

दागिन्यांच्या बाजारात कागदांवर पोट भरणारा माणूस राहावा, असा योगायोग आमच्या वाट्यास आला आहे. रायपूरच्या सदर बाजारात एका सराफी पेढीच्या माडीवर आमची बैठक आहे. खाली सोन्याचांदीचा व्यवहार चालतो; वर आम्ही जुने मोडी कागद देवनागरीत उतरवितो आणि त्यांचा हिंदी तर्जुमा करून देतो. आम्हांस नोकरी नाही, तेव्हा निवृत्तिवेतनही नाही. कोणी काम आणले तर काम, नाही तर खिडकीतून रस्ता न्याहाळण्याचे सुख.

या मुलखात मोडी कागद कोठून आले, असे परगावचे वाचक विचारतील. 1758 साली बिंबाजी भोसले रतनपुरास आले आणि 1787 पर्यंत त्यांनी तेथून कारभार पाहिला. मधली काही वर्षे इंग्रजी देखरेखीची सोडली, तर 1854 साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगड भोसल्यांकडेच होते. राज्याबरोबर कारकून आले, कारकुनांबरोबर बोरू आला आणि बोरूबरोबर मोडी आली. राज्य गेले, रुमाल मात्र कोणाच्या ना कोणाच्या पेटाऱ्यात राहिले. त्या पेटाऱ्यांवर आमची चूल पेटते.

आमच्या धंद्यात शत्रू दोन. पहिली वाळवी. दुसरा शत्रू दिसावयास फार सभ्य आहे. तो जिन्यापर्यंत जातो, वहाणा पायांत घालतो आणि मागे वळून म्हणतो, "पंडितजी, बस, इतना-सा और।" एवढे एकच!

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ घराच्या खरेदीचा एक कागद घेऊन आले. पाने दोन. मोबदला ठरला; निम्मी रक्कम त्यांनी तेथल्या तेथे मोजून दिली. असा गिऱ्हाईक लाभावयास पूर्वपुण्याई लागते, असे आम्ही त्या रात्री घरी बोलूनही दाखविले. आठ दिवसांनी ते आणखी एक चिठ्ठी घेऊन आले. ती पहिल्या कागदासंबंधीच होती, म्हणून तिचे निराळे पैसे काय मागावयाचे? मग चिठ्ठीतील नावे कोणाची, हे कळण्यासाठी वंशावळ आली. मग वंशावळीसाठी आणखी नऊ कागद आले. परदेशातील नातवासाठी इंग्रजी सारांश हवा झाला. अखेरीस घराण्याची एक छोटी पुस्तिका काढावयाचे ठरले आणि तिची प्रस्तावनाच नव्हे, तर मुद्रितेही आमच्याच बैठकीवर येऊन पडली. दोन पानांचे काम चार महिने चालले. मोबदला मात्र पतिव्रतेसारखा पहिल्या आकड्याशी एकनिष्ठ राहिला.

गृहस्थ लबाड होते काय? मुळीच नाही. येताना ते कधी रिकाम्या हाताने येत नसत. हंगामात सीताफळे आणीत, एरवी स्तुती आणीत. एकदा म्हणाले, "सप्रेजींनंतर या गावात असे काम करणारे तुम्हीच." दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे 1926 साली याच रायपुरात वारले. त्यांच्या पंगतीस आम्हांस बसविल्यावर पुढच्या तीन कागदांचे पैसे मागण्याची कोणाची छाती होणार? भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी म्हण आहे खरी. पण ओसरी झाडून, सतरंजी अंथरून, वर लोड ठेवणारा यजमान आम्हीच होतो.

शिवाय गिऱ्हाइकास कामाचे माप ठाऊक नसते. त्याला कागद दिसतो, कष्ट दिसत नाहीत. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढतात आणि तिला अक्षरे टांगीत जातात. शब्द कोठे तुटला हे लेखणी सांगत नाही. ऱ्हस्वदीर्घाचा भेद ती पाळीत नाही. नित्याचे शब्द एकदोन अक्षरांत आटोपते. एखादी ओळ घटकाभरात सुटते, तर एखादी दोन दिवस डोळ्यांपुढे नाचते. परंतु चिठ्ठी तळहाताएवढी असली म्हणजे कामही तळहाताएवढेच, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो दूर करणे आमचे काम होते. आम्ही ते केले नाही.

आमच्या पूर्वजांना ही विद्या अवगत होती. महाभारत लिहून घ्यावयाचे ठरले तेव्हा, लेखणी थांबता कामा नये, अशी अट गणपतीने आधी घातली. अर्थ कळल्याखेरीज लिहू नये, अशी उलट अट व्यासांनी घातली. आणि मगच लेखनास आरंभ झाला. लाख श्लोकांचे काम, पण कोणाचीही तक्रार ऐकिवात नाही. उलट बळीराजाचे पाहा. तीन पावलांचा करार होता. पाऊल कोणाचे व केवढे, हे मात्र ठरले नव्हते. शुक्राचार्य ओरडून सांगत असता त्याने उदक सोडले. गणपतीचे भक्त म्हणविणारे आम्ही व्यवहारात मात्र बळीचे वंशज निघालो.

इतके असूनही हा सारा विनोदाचाच विषय राहिला असता. नाटक-सिनेमात पैसे गेले तसे येथेही गेले, असे म्हणून आम्ही हसलोही असतो. परंतु त्याच चार महिन्यांत दुसरी एक गोष्ट घडली.

बुढापाऱ्यात आमच्या ओळखीच्या एक मावशी राहत. त्यांच्यापाशी त्यांच्या आजोबांची सतरा मोडी पत्रे होती. आजोबांचे अक्षर त्यांनी लहानपणी पाहिलेले, पण मोडी त्यांना कधी वाचता आली नाही. "वेळ झाला म्हणजे वाचून दाखव रे, घाई नाही," एवढेच त्या म्हणाल्या होत्या. पत्रे आमच्या कपाटात होती. पैशांचा प्रश्नच नव्हता. दर रविवारी जावयाचे ठरे आणि दर रविवारी त्या गृहस्थांचे 'एवढे एकच' आडवे येई. मावशी आपल्याच, त्या थांबतील, असे आम्ही मनाशी म्हणत असू.

पुस्तिका छापून झाल्यावर आम्ही पत्रे घेऊन गेलो. मावशी नेहमीच्या जागी बसल्या होत्या. आम्हांस त्यांनी ओळखले, किंवा ओळखल्यासारखे केले. आम्ही पहिले पत्र वाचले; नागपुराहून मुलीच्या खुशालीची चौकशी करणारे साधेच पत्र होते. त्या एकाग्रतेने ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "छान लिहितो. कोण रे हा?"

आम्ही सांगितले. त्यांनी मान हलविली आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले. सतराही पत्रे आम्ही वाचली. निघताना त्यांच्या सुनेने सांगितले की, दिवाळीपर्यंत स्मरण बरे होते. पत्रांची आठवण त्या रोज काढीत.

त्या दिवशी सदर बाजारापर्यंतची चार पावलांची वाट आम्हांस फार लांब वाटली. आजवर आम्ही समजत होतो की, आपण उदार आहोत. औदार्य आमचे होते खरे, पण त्याचा खर्च मावशींच्या खाती पडला होता. ज्याला 'नाही' म्हणण्याचा आपल्याला संकोच वाटतो, त्याला दिलेला वेळ जो कधी मागतच नाही त्याच्या वाट्यातून जातो, हा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता.

एका वकील मित्रापाशी आम्ही मन मोकळे केले. त्यांनी 1872 चा करार कायदा काढला. फुकट करण्याचा हेतू नसता एखाद्याने दुसऱ्यासाठी रीतसर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, असे 70 वे कलम सांगते. आम्हांस हुरूप आला. तोच त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "फुकट करण्याचा हेतू नव्हता, हे तुम्ही त्यांना कधी कळू दिले?" आम्ही सीताफळांची आठवण काढीत गप्प बसलो.

उत्तर मिळाले ते जिन्याखाली. एके दुपारी पेढीवर एक बाई तयार पैंजण घेण्यास आल्या होत्या. हातात घेऊन म्हणाल्या, "इसमें चार घुंघरू और लगा दीजिए।" शेठजींच्या कपाळावर आठी नाही की आवाजात खोच नाही. "ज़रूर, क्यों नहीं!" म्हणत त्यांनी चार घुंगरे काट्यावर ठेवली, वजन चिठ्ठीवर लिहिले, घडणावळ मांडली आणि चिठ्ठी पुढे केली. बाईंनी ती वाचली, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "दोन ही रहने दीजिए।" दोघेही हसले. आम्ही जिन्यावर उभे राहून हे पाहिले आणि आमच्या इतक्या वर्षांच्या विद्वत्तेची आम्हांस लाज वाटली. काटा मधे होता म्हणून शेठजींना गोड राहता आले. आमच्यापाशी काटा नव्हता, म्हणून आम्ही तोंडाने गोड आणि मनाने कडू होत गेलो.

आता आमच्या बैठकीवरही एक वही असते. ठरलेले काम पहिल्या पानावर: कागद किती, ओळी किती, तर्जुमा कोणत्या भाषेत, दुरुस्ती किती वेळा. 'एवढे एकच' आले की आम्हीही "ज़रूर" म्हणतो आणि नवी ओळ लिहून, पुढे दिवस व रक्कम घालून वही फिरवितो.

तेच गृहस्थ पुढे पुन्हा आले. निघताना जिन्यापाशी वळले. आम्ही वही पुढे केली. त्यांनी ती सावकाश वाचली. ते रागावतील असे वाटले होते. पण ते ओशाळले. म्हणाले, "पंडितजी, पहले ही बता देते। आम्हांला वाटे, तुम्हाला या कामाची आवडच आहे."

आवड होतीच. तेच तर सांगावयाचे राहून गेले होते.

रविवारचे पान आम्ही वहीत कोरे ठेवतो. त्या दिवशी बुढापाऱ्यात जातो आणि सतरांपैकी एखादे पत्र वाचतो. मावशी दर वेळी विचारतात, "कोण रे हा?" आम्ही दर वेळी सांगतो. या कामाचे माप ठरलेले नाही, आणि ते ठरविण्याची आम्हांस इच्छाही नाही.