उरलेले अन्न आणि आईचे आरोग्य

बडोदे शहरास व्यायामाचे वेड जुने आहे. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने अनेक पिढ्यांची शरीरे घडविली. दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ही येथेच सिद्ध झाला. परंतु येथील किती गृहिणी व्यायामासाठी अर्धा तास घराबाहेर पडतात, असे आम्ही विचारतो तेव्हा मंडळींची नजर खाली वळते. ‘खात्यापित्या घरची’ म्हणून तिच्या स्थूलतेचे कौतुक होते. जिना चढताना तिला लागणारी धाप मात्र कोणी मनावर घेत नाही.

आपल्या रक्तवाहिन्यांस आतून एक नाजूक अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करते. त्यायोगे वाहिनी सैल होऊन रक्तास वाट देते. हे गूढ उकलणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांस १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पोटात चरबी साचली की अस्तराचे हे कार्य मंदावते, वाहिन्या ताठरतात, रक्तदाब वाढू लागतो. पाळी थांबल्यावर स्त्रीचे नैसर्गिक संरक्षणही उणावते. म्हणून कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की भारतीय स्त्रीने तो इशारा समजावा.

भगिनींनो, यावरील उपाय महागडा नाही. झपाझप चालताना वाढलेला रक्तप्रवाह त्या अस्तरास पुन्हा कामास लावतो. त्यामुळे वजनाचा काटा हलला नाही, तरी चालणे वाया जात नाही. बोलता येईल, पण गाता येणार नाही, अशा गतीने आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे. शहरात कमाटीबागेत, गावी शेताच्या वाटेने. छातीत दुखत असल्यास मात्र आधी डॉक्टरांस भेटावे.

जोडीला ताट सुधारावे. फरसाण व जिलेबी सणापुरती ठेवावी. डाळ, पालेभाजी, बाजरीची भाकरी रोज असावी. लोणचे-पापड धरून दिवसाचे मीठ चहाच्या एका चमच्याहून कमी असावे. वजन शेकडा पाच टक्के उतरले, तरी रक्तदाबास व रक्तातील साखरेस उतार पडू लागतो.

आणि एक सांगणे घरातील इतरांस. अन्न टाकवत नाही म्हणून उरलेसुरले आईने संपवावे, ही काटकसर नव्हे. बेताचे शिजवावे, सर्वांनी एकत्र जेवावे. आणि ती फिरावयास गेली असता सायंकाळचा चहा दुसऱ्या कोणी करावा.