हंडाभर हवा

समुद्राजवळ राहणाऱ्याने स्पीकर निवडताना आधी वॉट बघू नयेत, कोनाभोवतीची कड बघावी. आमचं माहीम म्हणजे मुंबईतलं नव्हे, पालघरचं, केळवे-माहीम. पावसाचे चार महिने इथली हवा ओली आणि उरलेले आठ महिने खारी. दाराच्या बिजागरीपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळ्याला गंज धरतो. या हवेत फोमची कड काही वर्षांत चिकट होते आणि मग तिचा भुगा गळायला लागतो. कागदी कोनावर बुरशीचे ठिपके येतात, टर्मिनलवर हिरवा थर चढतो. एसी शोरूममध्ये गोड वाजलेला स्पीकर आमच्या ओटीवर किती पावसाळे काढेल, हे त्याच्या खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. म्हणून मी तयार स्पीकर घेत नाही. एकेक भाग निवडते आणि घरी बांधते.

हे वेड रेडिओपासूनचं. संध्याकाळी वाडीतून खुडून आणलेली विड्याची पानं ओटीवर पसरलेली असत. आजी आणि आई ती निवडून, एकावर एक लावून त्यांच्या कवळ्या बांधत, आणि कोनाड्यातला व्हॉल्व्हचा रेडिओ मुंबई ‘ब’वर लावलेला असे. लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, आत कागदी कोनाचा एकुलता एक स्पीकर. पाठीमागे भोकं पाडलेला पुठ्ठा. मीडियम वेव्हवर पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही येतच नाही, हे मला पुष्कळ पुढे कळलं. तरी त्या रेडिओत गाण्याचा शब्द न् शब्द उमटायचा. एकच कोन सगळा आवाज सांभाळत होता, त्यात कुठे सांधा नव्हता. आजही वूफर आणि ट्वीटर यांचा सांधा जुळवताना मी मनात त्याच रेडिओशी ताडून बघते.

मग कॅसेटचे दिवस आले. काकांनी गाडीतला जुना स्पीकर माठाच्या तोंडावर बसवला. हा उद्योग आपल्याकडे गावोगाव झालेला आहे. माठ जोरात घुमायचा, पण तबला असो, ढोलकी असो, घुमार तोच, त्याच एका सुराचा. आमच्याकडे वारली पाड्यांवर तारपा वाजतो. वाळवलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा. तिथे दुधीने आपला आवाज मिसळायचाच असतो, त्याशिवाय तारपा कसला? स्पीकरच्या पेटीने मात्र आपला म्हणून एकही सूर घालता कामा नये. माठाचं काय बिघडतं ते मला तारप्यापाशी उभं राहून कळलं, पुस्तकं नंतर आली.

डिप्लोमा करून बोईसरच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामाला लागले आणि सुट्टीच्या दिवशी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथे पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, किती वॉटचा देऊ?” वॉटचा आकडा एवढंच सांगतो की किती वीज घातली तर कॉइल जळेल. विचारायचं ते हे, की एक वॉट दिला तर एक मीटरवर आवाज किती डेसिबल. ८७ चा स्पीकर आणि ९० चा स्पीकर दिसायला सारखेच, पण ९० वाल्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मी वीज पुरते. गणपतीत ज्यांना डॉल्बीच्या भिंती उभ्या करायच्या आहेत त्यांनी वॉट मोजावेत. बारा बाय चौदाच्या खोलीत भीमसेन जोशी ऐकायचे असतील तर लहान अॅम्प्लिफायर आणि नव्वदीच्या आसपासचा ड्रायव्हर, म्हणजे पेटीविना नुसता स्पीकर, घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

पेटी केवढी करायची, हे कित्येक वर्षं जगभर अंदाजाने चाललं होतं. नेव्हिल थील नावाच्या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ साली त्याचं गणित मांडलं. त्याकडे जगाचं नीट लक्ष गेलं १९७१ साली, तो निबंध अमेरिकेत पुन्हा छापला गेला तेव्हा. पाठोपाठ रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्ण केलं. कोनाची स्वतःची कंपनसंख्या, त्याच्या कडेची लवचीकता किती लिटर हवेएवढी आहे, आणि मॅग्नेट त्याला किती आवरतो, हे तीन आकडे हातात असले की पेटी कागदावर काढता येते. मी घेतलेल्या साडेसहा इंची देशी ड्रायव्हरबरोबर कसला कागदच नव्हता. तेव्हा मोजणं आलं.

मोजणी अवघड नाही. ड्रायव्हर मोकळा धरायचा, मालिकेत मोठा रेझिस्टर लावायचा आणि ऑसिलेटरवर हर्ट्झ हळूहळू वाढवत न्यायचे. एका ठिकाणी मल्टिमीटरचा आकडा उसळतो. माझा उसळला ५० हर्ट्झला. मग कोनाच्या मधोमध ठरावीक वजन चिकटवून पुन्हा बघायचं. त्यासाठी मी पाच रुपयांचं जुनं जाड नाणं वापरलं. ते तांबं-निकेलचं, बरोबर नऊ ग्रॅमचं. स्टीलचा रुपया इथे चालत नाही, त्याला खालचा मॅग्नेट ओढतो. नाणं चिकटवल्यावर उसळी ३८ हर्ट्झवर आली. यावरून कोन आणि कॉइल मिळून बारा ग्रॅमच्या आसपास, आणि कडेची लवचीकता २१ लिटर हवेएवढी. उसळी किती पसरट आहे त्यावरून तिसरा आकडा काढला, तो आला ०.५. हा आकडा ०.४ च्या खाली असला तर भोकाची पेटी शोभते, वर असला तर बंद. गणित सांगत होतं, २१ लिटरची बंद पेटी करा, आवाज ७१ हर्ट्झपर्यंत नीट उतरेल. २१ लिटर म्हणजे एका मोठ्या हंड्याएवढी हवा.

७१ हा आकडा बघून मला फार आनंद झाला. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज असतो ६९ हर्ट्झच्या जवळ. म्हणजे माझी पेटी खर्जाच्या तारेपर्यंत पोचत होती. त्याच्याही खालचा दणका सिनेमातल्या स्फोटांना लागतो, आमच्या घरी त्याला गिऱ्हाईक नाही.

पेटीसाठी एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपं, पण आमच्या हवेत त्याच्या कडा फुगतात. मी मरीन प्लाय घेतलं, १९ एमएमचं, आयएस ७१० चा शिक्का बघून. आमच्या आळीतले सुतारकाका दारं-खिडक्या करणारे. स्पीकरची पेटी त्यांनी कधी केली नव्हती. त्यांनी प्लाय कोपऱ्यात धरून बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, मग मधोमध ठोकलं. कोपऱ्यात ‘टक’, मध्ये ‘ढब’. “इथं आडवी पट्टी मारू,” ते म्हणाले. इंग्रजी पुस्तकांत ज्यासाठी पानं खर्ची घातली आहेत ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. पट्टी बसवल्यावर सगळीकडे ‘टक’ आलं, तेव्हाच त्यांनी पाठ बंद केली.

सांध्याचं काम क्रॉसओव्हरचं. आठ ओहमला आणि ३००० हर्ट्झला साधा हिशोब ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल असा येतो. तिथून सुरुवात करायची आणि पुढे कानाने थोडं इकडेतिकडे सरकायचं. बाजारच्या लोखंडी गाभ्याच्या कॉइल आटोपशीर असतात, पण आवाज चढवला की गाभा थकतो. हवेच्या गाभ्याची कॉइल मी बोईसरला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात करून घेतली. चाळीस एमएमच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, १८ गेजची इनॅमल तार, एक इंच रुंदीत शंभराच्या थोडे वर वेढे. कारागिराने प्रत्येक थर बोटाने दाबत, वेढ्याला वेढा खेटून बसवला आणि वर वॉर्निश पाजलं. एलसीआर मीटरवर कॉइल अपेक्षेप्रमाणे भरली, रोध पाव ओहमहून कमी. पंपाच्या मोटारी भरणारा हात होता तो!

कपॅसिटरवर पैसे खर्चावेत. इलेक्ट्रोलिटिकची किंमत कमी, पण वर्षागणिक त्याचा आकडा सरकतो आणि सांधाही सरकतो. पॉलिप्रॉपिलीनचा महाग, पण टिकतो. ट्वीटर रेशमी डोमचा घ्यावा, वूफरची कड रबराची, टर्मिनल खटक्याचे नकोत, थेट सोल्डर केलेले बरे. हजारोंच्या केबली मात्र घेऊ नका. चार-पाच मीटरला घरातल्या वायरिंगची दीड एमएमची तांब्याची तार अगदी पुरते.

या पेट्या आता आमच्या घरातल्या वयस्कर अण्णांच्या खोलीत आहेत. वयापरत्वे त्यांना ऐकू कमी येतं, आणि माणसाचा कान जातो तो वरच्या सुरांपासून. बातम्यांतले ‘स’, ‘श’, ‘थ’ त्यांना गिळल्यासारखे वाटायचे आणि ते आवाज मोठा करत राहायचे. ट्वीटरच्या मागे मी २.२ ओहमचा रेझिस्टर लावला होता. तो काढून टाकला, ट्वीटर दोन डेसिबलने वर आला. मला ते जरा तीक्ष्ण वाटतं. अण्णांनी त्या दिवसापासून आवाज वाढवायला सांगितलेलं नाही. विकतच्या स्पीकरमध्ये हे कुणी करून दिलं असतं?

आता चांगल्या ड्रायव्हरबरोबर सगळे आकडे छापून येतात, मोजणीची अॅप मोबाइलवर मिळतात. पालघर-बोईसरकडच्या ज्या मुलामुलींना पहिली जोडी बांधायची आहे त्यांना एवढंच सांगणं आहे: ड्रायव्हर घरी आणला की पेटी कापण्याआधी नाणं चिकटवून एकदा स्वतः मोजा. छापील आकडा आणि हातातला नग यांत दहा-वीस टक्क्यांचा फरक सहज निघतो.