कॅमेरा घरी मरतो

बेव्हर्ली पार्क,
मीरा रोड (पूर्व)
जूनचा पहिला आठवडा

चि. मनू,


तुझ्या आईचा फोन येऊन गेला. नोकरी सोडून पोरगी पाठीला सॅक लावून निघाली, याचं तिला निम्मं कौतुक आणि निम्मी धास्ती. जुलैत सह्याद्री, सप्टेंबरात स्पिती, मधे जमेल तिथे मुक्काम, एवढं तिच्याकडून कळलं. तू मात्र मला एकच विचारलंस: कॅमेरा कोणता घेऊ आणि तो टिकवू कसा? फोनवर सांगितलं असतं तर ‘हो मामा, हो मामा’ करून ठेवून दिला असतास. म्हणून लिहून काढतो.

तू पाठवलेल्या यादीतला एकही कॅमेरा घेऊ नकोस. लाख-दीड लाखाची वस्तू गळ्यात असली की माणूस डोंगर बघायचा सोडून ढगांकडे बघत बसतो. पहिला थेंब पडला की कॅमेरा आत, आणि जुलैत आत गेलेला कॅमेरा भंडारदऱ्याच्या आसपास पुन्हा बाहेर निघायचं काही कारण नसतं. हरवला, आपटला, भिजला तर एक दिवस हळहळून दुसऱ्या दिवशी तू चालायला लागशील, इतक्याच किमतीचा घे. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा. तुझा तुला ठाऊक.

‘मग फोनच नेते की,’ म्हणशील. फोन फोटो छान काढतो, वाद नाही. पण तुझा नकाशा, तिकीट, पैसे, टॉर्च आणि आईला खुशाली कळवणं, सगळं त्या एकाच वस्तूत आहे. दुपारी दोनला धुक्याचे फोटो काढून तो संपवलास तर संध्याकाळी वाट कशाने शोधणार? शिवाय ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही. जिथे खरा पाऊस आहे तिथे बटणांची वस्तू हवी.

माझं मत विचारशील तर जुना निकॉन डी ३५०० किंवा त्याच वर्गातला दुसरा एखादा डीएसएलआर, वापरलेला, सोबत १८-५५ची साधी लेन्स. २०१८ साली आलेला हा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासकट ४१५ ग्रॅम भरतो आणि एका चार्जवर कंपनीच्या मोजणीने १५५० फोटो देतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांपैकी बरेच तीनशे-चारशेला दमतात. जिथे संध्याकाळी वीज असेलच असं नाही, तिथे हा फरक मेगापिक्सेलपेक्षा मोठा. पाण्यात बुडवता येणारे छोटे कॅमेरे मिळतात, ऑलिम्पसचा टीजी-६ पंधरा मीटर खोल जातो. पण त्याचा सेन्सर बारका. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत, त्या गार पाण्यातल्या पिंडीसमोर उभी राहिलीस की उजेड किती कमी आहे ते कळेल. ‘वेदर सील्ड’ या शब्दावरही फार विसंबू नकोस. सांध्यांना रबराच्या पट्ट्या असतात, इतकंच. लेन्सलाही तशी पट्टी नसेल तर पाणी तिथून शिरतं, आणि वापरलेल्या कॅमेऱ्यात ती किती वाळलीय हे बाहेरून दिसत नाही.

खरेदीला बोरा बाजारात जाऊ, सीएसएमटीहून चालत. तिथे लेन्स हातात आली की पहिलं काम: पुढचं-मागचं झाकण काढायचं, छिद्र पूर्ण उघडायचं, मोबाइलचा टॉर्च मागून लावायचा आणि पुढून तिरकं बघायचं. धुळीचे कण दिसतील, ते चालतात. बारीक ओरखडाही चालतो, फोटोत उतरत नाही. पण काठापासून आत सरकणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की लेन्स मुकाट परत द्यायची, दुकानदार कितीही ‘साफ होऊन जाईल’ म्हणाला तरी. ती बुरशी. काचेवरचा लेप तिने एकदा खाल्ला की वरचे धागे पुसूनही खालचा डाग राहतो.

आणि ही बुरशी डोंगरावर लागत नाही, घरी लागते. कॅमेऱ्यासाठी सगळ्यांना भीती वाटते ती कड्यांची, धबधब्यांची आणि चोरांची. मी आजवर पाहिलेल्या मेलेल्या लेन्स बहुतेक कपाटात मेल्या, पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेल्या. आमच्या मीरा रोडचंच बघ. एकीकडे मिठागरं आणि खारफुटी, वर वसईची खाडी. जुलैत इथे हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. पापड डब्याबाहेर राहिला की तासाभरात नरम, कपाटातल्या चपलेवर हिरवी साय. बुरशीला साठ-पासष्ट टक्के आणि अंधार मिळाला की पुरतं. कातड्याची केस तर तिला आवडतेच, कारण कातडं ओल धरून बसतं. ट्रेकहून आल्यावर लोक दमून सॅक कोपऱ्यात टाकतात, कॅमेरा आत तसाच, आठवडाभर. तिथेच घात होतो.

म्हणून परतलीस की आंघोळीच्या आधी कॅमेरा बाहेर. पट्टा काढून वेगळा वाळत, पिशवी उलटी करून पंख्याखाली. कॅमेरा ओलसर, पिळलेल्या सुती कापडाने पुसायचा, मग कोरड्याने, आणि रात्रभर टेबलावर उघडा. दुसऱ्या दिवशी रबर लावलेल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ काहीशे रुपयांत मिळतं, तेही आत ठेव. काटा चाळीस ते पन्नासात हवा. तीसच्या खाली नको, आतलं रबर आणि वंगण सुकतं. सिलिका जेल नारिंगी घे, ते ओल पिऊन हिरवं होतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते मला स्वयंपाकघरात नको. हिरवं झालं की ओव्हनमध्ये मंद तापवून पुन्हा नारिंगी करायचं. पूर्वी फोटोग्राफर कपाटात चाळीस वॉटचा दिवा जळत ठेवायचे, तत्त्व तेच. तांदळात पुरायचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नकोस, तांदळाची भुकटी फटीत जाते.

आता वाटेवरचं. सॅकचं रेनकव्हर फसवं असतं. पाणी वरून येत नाही, पाठ आणि सॅक यांच्यामधून ओघळतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. म्हणून सॅकच्या आत मोठी काळी कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी लाव आणि सगळं तिच्या पोटात. कॅमेरा मात्र सॅकमध्ये नको. तो पुढे, पोटावर, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या छोट्या ड्राय बॅगमध्ये. सॅक उतरवायची, बक्कल सोडायची, चेन उघडायची, एवढे सोपस्कार असले की तिसऱ्या वेळेनंतर तू फोटो काढणंच सोडशील. ड्राय बॅगेत जुन्या धोतराचा किंवा पंचाचा तुकडा ठेव आणि तो ओला झाला की लगेच बदल. बंद पिशवीत ओलं फडकं म्हणजे कॅमेऱ्याला वाफारा.

छत्री ने. ट्रेकवाले हसतील, हसू देत. गावातून, भातखाचरांच्या बांधावरून, पठारावरून जाताना छत्रीसारखं कॅमेऱ्याला दुसरं काही नाही. फक्त हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ती मिटून ठेव. तिथे वारा दरीतून वर येतो, पाऊसही खालून वर लागतो, आणि छत्रीची कधी फुलदाणी होईल सांगता येत नाही. तिथे वाऱ्याकडे पाठ करून पोंचोच्या आत कॅमेरा काढायचा, लेन्स खाली झुकवून, आणि मगच वळायचं. काच धुकटली तर घासू नकोस, मिनिटभर थांब, आपोआप निवळते. आतल्या काचेवर वाफ दिसली तर मात्र बॅटरी आणि कार्ड काढून त्या दिवसापुरतं पुरे. पाण्यात पडला तरी तेच. ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबलं की उरलंसुरलंही जळतं.

कोकणकड्याचा विषय निघालाच आहे तर, इंद्रवज्र दिसलं तर बघ. सकाळी पाठीशी कोवळं ऊन आणि समोर दरीत दाट धुकं असेल तर त्या धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि मधे आपलीच सावली. कर्नल सायक्स यांनी त्याचं वर्णन केलं, ते दख्खनच्या हवामानावरच्या त्यांच्या निबंधात १८३५ साली छापलं गेलं. फोटोग्राफीची जाहीर घोषणा पॅरिसला झाली १८३९ साली. बिचाऱ्यांना शब्दांवरच भागवावं लागलं. तुझ्याजवळ कॅमेरा असेल, पण धुकं क्षणात हलतं. तेव्हा तो पोटावर हवा, तीन पिशव्यांच्या आत नको.

स्पितीत सगळं उलटं. पाणी नाही, धूळ आहे. एकच लेन्स ने आणि ती कॅमेऱ्यावरून काढूच नकोस. तोंडाने फुंकू नकोस, थुंकी उडते. रबरी ब्लोअर ठेव. थंडीत बॅटऱ्या लवकर बसतात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी घेऊन झोप. गारठ्यातून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद कर, म्हणजे दव पिशवीवर धरतं. तक्रार करावीशी वाटली तर सॅम्युअल बॉर्न आठव. किन्नौरातून स्पितीत उतरणाऱ्या मणिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांच्या वर, त्याने १८६६ साली फोटो काढले. तेव्हा काचेच्या पट्टीवर रसायन ओतून ती ओली असेतो फोटो घ्यायचा आणि तिथेच तंबूत धुवायचा. काचा, बाटल्या, तंबू, सगळं हमालांच्या पाठीवर.

शेवटचं कार्डाबद्दल. एका मोठ्या कार्डाऐवजी छोटी दोन-तीन घे आणि भरलेलं कार्ड कॅमेऱ्यापासून लांब, अंगावरच्या खिशात ठेव. वीज आणि नेट मिळेल तिथे निवडक फोटो घरी पाठव, सगळे एकाच जागी नकोत. रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याला राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्या लंडनला सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६च्या आगीत बहुतेक सगळ्या गेल्या. त्याच गिलने लेण्यांचे फोटोही काढले होते. ते १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात छापले गेले होते, प्रती चार ठिकाणी पोचल्या होत्या, म्हणून आज बघायला मिळतात. चोरीचं भय असेल तर पट्ट्यावरचं कंपनीचं नाव काळ्या इन्सुलेशन टेपने झाक, बिलाचा आणि क्रमांकाचा फोटो आईकडे ठेव. ट्रेकला जाताना रात्री दादरकडे गाडी रिकामी मिळेल, शेवटची कसारा लोकलही ट्रेकवाल्यांचीच असते. परतताना विरार गाडीत चढशील तेव्हा मात्र सॅक पुढे घे.

निघण्याआधी एकदा रंगीत तालीम हवी. भाईंदर पश्चिमेहून चौकला जाऊ, धारावीच्या किल्ल्यावर. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी लढून घेतलेली जागा, खाली खाडीचं तोंड, आणि वारा असा की टोपी राहत नाही. भरलेली सॅक पाठीवर, कॅमेरा पोटावर, आणि अंगठ्याने न बघता बटणं सापडतात का ते पाहू. परतल्यावर खारं पाणी कसं पुसायचं तेही दाखवतो.

शनिवारी सकाळी ये. रविवारी बोरा बाजार बंद असतो. तुझ्या मामीने आंबोळीचं पीठ भिजवायचं ठरवलंय, त्यामुळे रिकाम्या पोटी निघ.

तुझा,
मामा